दुल्माच्या घरची दोन जावळं

दुल्माच्या हातचं घोडीचं आंबवलेलं दूध प्यायला लोक दोन खोरी ओलांडून येतात. बाई शब्दाची पक्की, स्वतःहून कुणाचा सल्ला घेणारी नव्हे. पण या उन्हाळ्यात, नातवाच्या जावळाच्या तोंडावर, तिने घोड्यावर मांड टाकली, थोरल्या भावाचं गेर, म्हणजे लोकरीचा गोल तंबू, गाठलं आणि पाय जमिनीला लागायच्या आतच विचारलं, "दादा, चूक माझीच ना?"

शराव तंबूच्या सावलीत खोगिराचा पट्टा शिवत होता. एके काळचा नावाजलेला पैलवान. आता पोट सुटलंय, पण मानेचा आकार तोच आहे.

"आधी चहा घे," तो म्हणाला. "चूक कुठं पळून जात नाही."

कोणती चूक, हे त्याला सांगावं लागलं नाही. दुल्माची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरं झालं तेव्हा तिने लामाला विचारून त्याचं नाव नेरगुई ठेवलं, म्हणजे बिननावाचं. अंगात मुलीचा झगा, डोक्यावर रिबिनीच्या दोन वेण्या. घरात मुलगा आहे हे वाईट शक्तींना कळू नये, म्हणून इकडे असं करतात. मूल जगलं, त्याच्या पाठीवर धाकटा भाऊही आला. पाचव्या वर्षी जावळ काढलं, झगा उतरवला, विजार चढवली.

तेच मूल मोठं होऊन शहरात गेलं, दातांच्या कवळ्या करायला शिकलं. दोन वर्षांपूर्वी नेरगुईने फोन करून सांगितलं, "आई, मी मुलगा नाही. कधीच नव्हते. डॉक्टरांकडे जाते आहे, औषधं सुरू आहेत. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको." दुल्माने फोन ठेवला. त्यानंतर दोघी फोनवर फक्त हवापाणी आणि जनावरं याबद्दल बोलत. आता नेरगुई म्हणाली होती, "भाच्याच्या जावळाला यायचंय. पण बाईच्या पोशाखात येईन, नाहीतर येणार नाही. काय ते तू सांग."

"शेजारची खांडा म्हणते," दुल्मा म्हणाली, "भुतांना फसवायला गेलीस आणि पोरालाच फसवून बसलीस."

"खांडाला तिच्या शेळ्या मोजता येत नाहीत. मला सांग, माझ्या अंगावर झगा किती वर्षं होता?"

दुल्माला आठवेना.

"सातव्या वर्षापर्यंत. आईला भारी भीती. उत्सवात एका म्हाताऱ्याने नातवासाठी मला मागणी घातली होती, घोडा देत होता. बाबा विचारात पडले होते म्हणे." शरावने दोरा दाताने तोडला. "मग मी कधी येऊन तुला म्हटलं का, मी तुझी ताई आहे म्हणून?"

दुल्माला हसू आवरलं नाही.

"झग्याने होत असतं, तर या खोऱ्यातले निम्मे पैलवान नवरी होऊन सासरी गेले असते."

"मग झालं कशाने?"

"मला काय माहीत. घोडी पांढरी का झाली, विचारतेस कधी? खोगीर नीट बसतंय का, एवढं बघतेस." मग त्याने वरचा ओठ उचलून दाखवला. "हे पुढचे दोन तिनेच बसवले. त्या वेळी तिच्याच घरी राहिलो. सकाळी चहा करताना गुणगुणते. तुझ्याकडे होती तेव्हा कधी ऐकलंस?"

दुल्माने चहाची वाटी खाली ठेवली. चुकीच्या खोगिराखाली घोडा किती काळ मुकाट चालतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वरून सगळं ठीक दिसतं. उतरवलं की पाठ दिसते.

परतीच्या वाटेवर तिला नेरगुईचं जावळ आठवलं. पोर रडलं नव्हतं. कापलेली वेणी मुठीत धरून बसलं आणि विचारलं, "उद्या परत येईल का?" हा किस्सा दुल्मा वर्षानुवर्षं लोकांना हसवायला सांगत आली होती. घरी पोचल्यावर तिने फोन लावला. "ये," ती म्हणाली. "वारा सुटलाय. आतून गरम काहीतरी घाल."

जावळाच्या दिवशी गेर भरलं. दारातून शिरल्यावर डाव्या हाताला पुरुष, उजव्या हाताला बायका आणि भांडीकुंडी. मधोमध नातू बिल्गून, झग्यात आणि वेण्यांत. कात्रीच्या मुठीला निळं रेशीम बांधलेलं. एकेक पाहुणा बट कापी, आशीर्वाद देई आणि बिल्गून ओरडे, "लवकर आटपा, मला विजार घालायचीय." एक रिबीन तर त्याने सकाळीच ओढून चुलीपाशी फेकली होती. तोच झगा, तशाच वेण्या, घालणारे हातही तेच. दुल्मा बघत राहिली. मग पिठाचे हात पुसून ती कामाला लागली.

नेरगुई आली ती गडद हिरव्या बायकी देलमध्ये, लांब अंगरख्यात, डोक्याला रुमाल बांधून. उंबरठा ओलांडून थबकली. डावीकडे मामा, उजवीकडे खांडा.

"पाहुण्यांनी कुठं बसायचं," खांडा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "ते यजमानीणबाई सांगतील."

"पाहुणी कसली," दुल्मा म्हणाली. तिने चहाचा डाव पुढे केला. "ये गं, इकडे ये. वाट्या भर, माझा हात मोकळा होईल. आणि खांडा, जरा सरक. माझ्या लेकीला बसू दे."

खांडा सरकली. चहा हातात घेताना तिने देलचा काठ बोटांनी चाचपला. "शिवणाऱ्याने बाह्या मात्र लांब केल्यात," ती म्हणाली. मग तिने चहाला तोंड लावलं.

कात्री फिरत फिरत नेरगुईकडे आली. तिने भाच्याची शेवटची वेणी कापली आणि निळ्या पिशवीत ठेवली. बिल्गूनने डोक्यावरून दोन्ही हात फिरवले, मग तिच्या पाठीवरच्या वेणीकडे पाहिलं.

"आत्या, आता तुझी कापायची?"

"नाही," दुल्मा म्हणाली. "तिची एकदा कापून झालीय." आणि तिने विजार पुढे केली.