चार पेवांची पाहणी

सेवेतली बरीच प्रकरणे मी विसरलो. हे एक विसरता येत नाही.

सत्तरच्या दशकात मी सांगलीला फौजदार होतो. तिथले व्यापारी हळद जमिनीत खोल खणलेल्या पेवांत साठवत. पेवाचे तोंड शेणमातीने लिंपले की विक्रीपर्यंत ते कोणी उघडत नसे, कारण हवा लागली की सगळा माल बाहेर काढावा लागे. बँकाही बंद पेवांवर तारण-कर्ज देत. बँकेचा माणूस येई, तोंडे मोजी, पाटी लावी आणि सही करी.

एके सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना पेवे भरणारा एक म्हातारा हमाल पायरीवर येऊन बसला. चहा घेतल्यावर म्हणाला, "हळदीच्या गल्लीतल्या एका शेठच्या चार पेवांत यंदा आमच्या टोळीनं एक पोतं उतरवलं न्हाई. तरी ब्यांकेची पाटी लागलीया. उद्या चोर म्हणून आमालाच धरशिला."

पंचांसमोर पेवे उघडली. आतली हवा जीवघेणी असते, म्हणून आधी दोरीने कंदील सोडला. तो विझला. तोंडे रात्रभर उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला, तेव्हा चारही पेवांचे तळ दिसले. एकात थोडा भुसा होता, बाकी काही नाही.

पाहणीच्या कागदावर बँकेच्या गोडाऊन कीपरची सही होती. पंचविशीचा मुलगा. बँकेने तक्रार दिली ती त्याच्याविरुद्धच. अटकेच्या कागदात शिक्षणापुढे 'बी.कॉम.' लिहिताना माझा हात थांबला. वसतिगृहात राहून, लोकांच्या उपकारावर शिकून मीही घरातला पहिला पदवीधर झालो होतो.

दोन दिवस विचारपूस केली. खोटे बोलणारा माणूस न विचारता तपशील देतो. हा एकच गोष्ट सांगत राहिला. "साहेब, पेव उघडू का म्हणून मी मॅनेजरसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, आजवर कुणी उघडलं न्हाई, तूच लय शहाणा लागून गेलास काय?" घराच्या झडतीत एक सायकल आणि भिंतीवर पदवीची चौकट मिळाली. मॅनेजरने सगळे नाकारले.

शेठच्या पेढीवर गेलो, तर वकिलाने कागद पुढे केला. कर्ज फेडता येत नाही म्हणून शेठने कोर्टात नादारीचा अर्ज दिला होता, मालमत्ता कोर्टाच्या रिसीव्हरकडे गेली होती. नादारीने फसवणुकीचा गुन्हा पुसला जात नाही, असे मी अहवालात लिहिले. बँकेच्या संचालकांत शेठचे व्याही होते. वरून उत्तर आले: बँकेची शेठविरुद्ध तक्रार नाही, ती बाब दिवाणी. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे, त्याचे दोषारोपपत्र पाठवा.

मी पाठवले.

मुलाला वर्षाची शिक्षा झाली. नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले. शेठ नादारीतून मोकळा झाला आणि मेहुण्याच्या नावाने त्याच गल्लीत पुन्हा हळद घेऊ लागला.

मुलाचे वडील फौजेतून निवृत्त झालेले. निकालानंतर ते ठाण्यात आले आणि सरळ उभे राहून म्हणाले, "साहेब, सगळं बुडालं म्हणून शेठनं अर्ज केला आणि सुटला. आमच्या पोराचंबी सगळं बुडालंय. त्याचा अर्ज कुठं करायचा?"

पोलिसाने हुकूम मोडू नये, हे मी नोकरीत शिकलो होतो. हुकूम पाळूनही एखाद्या माणसाचा गुन्हेगार होता येते, हे त्या दिवशी कळले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत.