कुलूप

त्या दारापुढे माझ्या साडीत लघवी झाली. भर सकाळी, पार्किंगमध्ये, गाड्या धुणाऱ्यांच्या देखत. आणि ती पुसायलाही मलाच लावलं.

दारावर पाटी होती, ‘महिला सफाई कर्मचारी शौचालय’. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, दुकानांच्या पाट्या बघत बघत लिहाय-वाचायला शिकले. ही पाटी तर मला पाठ होती.

गुडगावात तेव्हा परदेशी कंपन्यांची ऑफिसं येत होती आणि शेतांमध्ये टॉवर उठत होते. तसल्याच एका नव्या सोसायटीत आम्ही बायका झाडूपोछाला. आत पोहायचा तलाव, हिरवळ. आणि आम्हाला जायचं झालं तर रस्त्यापलीकडच्या बाभळीत. म्हणून ती खोली बांधली ना, तेव्हा मी घरून गूळ नेऊन सगळ्यांना वाटला. शौचालयाचा गूळ. हसू नका. जिला झुडपात एका हातात दगड धरून बसावं लागतं त्या बाईला विचारा.

पण कुलूप काही निघेना. गार्ड म्हणायचा, “अम्मा, चाबी सेक्रेटरी साहब के पास है.” त्या दिवशी मला धीर धरवेना. पोट आवळून दाराला टेकले, तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी सकाळचं जॉगिंग करून घामाघूम होऊन आला. पुण्याचा माणूस, आपल्या भाषेचा. मला मावशी म्हणायचा. परक्या मुलखात त्या शब्दाचा केवढा आधार वाटायचा मला.

“साहेब, किल्ली द्या ना.”

“मावशी, ते वापरायचं नाहीये.”

“मग बांधलं कशाला?”

त्याने दंड धरून मला दारापासून ओढलं. त्या हिसक्यातच झालं. साडी ओली, चपला ओल्या. तो मागे सरकला आणि गार्डला म्हणाला, “पोछा लाके दो इसको.”

मी गुडघ्यावर बसून पुसत होते. तळहात फरशीवर, आणि फरशी थरथरत होती. आतून आवाज येत होता, गिरणी चालू असल्यासारखा. शौचालय कधी असं घुमतं का, तुम्हीच सांगा.

बोअरचा पंप होता आत. त्या भागात जमिनीतलं पाणी खोल खोल चाललेलं, म्हणून परवानगीशिवाय बोअर मारायला बंदी आलेली. सरकारी भूजल खात्याची माणसं बोअर शोधून सील करत फिरायची. यांनी पंपावर खोली बांधली आणि दारावर आम्हाला टांगलं.

सोसायटीच्या भिंतीला लागून आमची वस्ती. तिथला हातपंप त्याच उन्हाळ्यात नुसती हवा ओकायला लागला. दांडा मारून मारून खांदे निखळायचे, तेव्हा अर्धा हंडा गढूळ पाणी. रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. रामकली झाशीकडची, माझ्यासोबत झाडू मारायची, मला दीदी म्हणायची. माझ्या सुनेशी, सुमनशी, तिची नंबरावरून जुंपली. रामकलीने पंपाचा दांडा सोडला तो सरळ सुमनच्या तोंडावर. पुढचे दात गेले. सुमनने तिला चिखलात पाडलं आणि छातीवर बसून हंड्याने मारलं. सुमनच्या तोंडातलं रक्त हंड्यात पडलं. पण हंडा कोणी ओतून दिला नाही. वरचं पाणी काढून खालचं भांड्यांना वापरलं. हे मी लिहिते आहे, कारण हे झालं आहे.

मी कामावर गेले तर पाइपने हिरवळ भिजत होती. मी त्या ओल्या गवताकडे बघितलं आणि झाडू उचलला. काम गेलं तर खायचं काय, हा धाक.

मग तपासणीची बातमी आली. सेक्रेटरीने मला वर बोलावलं. एकदम गोड आवाज.

“मावशी, उद्या तुम्ही त्या दारापुढे बसायचं. झाडू घ्या, घाणीची एक बादली ठेवा. कोणी विचारलं तर म्हणायचं, आत तुंबलंय.”

“आणि त्यांनी उघडायला लावलं तर?”

तो हसला. अगदी मनापासून.

“तुम्ही बसलेल्या असताना कोण येतंय तिथे?”

माझ्या आईला गावात विहिरीवर चढू देत नव्हते. ती खाली ओंजळ धरून उभी राहायची, वरून कुणाला दया आली तर धार पडायची. ते गाव सोडलं, नवऱ्यामागे बांधकामावर हिंडत इथवर आले. मला वाटायचं, इथे जात कोण विचारतो, इथे फ्लॅटचा नंबर विचारतात. या माणसाने विचारली नाहीच. त्याने ती वापरली. दाराला एक कुलूप लोखंडाचं लावलं, दुसरं मी.

दुसऱ्या दिवशी मी बसले. हो, बसले. अधिकारी आले, सरबत प्याले, सगळीकडे हिंडत आमच्या कोपऱ्याशी आले. त्यातल्या मोठ्या साहेबाने पाटी वाचली. बादली बघितली, मला बघितलं. रुमाल नाकाला लावला आणि वळला. सेक्रेटरी म्हणाला होता तस्सं.

त्याची पाठ बघितली आणि मी उठले.

“साहब, इसमें टट्टी नहीं है. हमारा पानी है.”

“अरे सर, पागल है ये,” सेक्रेटरी म्हणाला. मग मराठीत, दातांतून, “खाली बस. उद्या कामावर यायचंय ना?”

“नाही यायचं.”

त्याने मला थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजली. मी बादली उचलून त्याच्या तोंडावर उपडी केली. गार्डने माझा बुचडा धरून मला खाली पाडलं, पाठीत बूट घातला. तेवढ्यात रामकली माळ्याची पहार घेऊन धावत आली. गार्डच्या नडगीवर तिने ती घातली, तो कोसळला. मग पहार माझ्या हातात दिली. “दीदी, मार.”

मी मारली. कुलपावर, कडीवर, पाटीवर. हाताची सालं निघाली. दार बिजागरीतून निखळलं. आत स्वच्छ खोली, मांडीएवढा पाइप, मोटरची पेटी. संडासाचं भांडंसुद्धा बसवलं नव्हतं. निदान खोटं तरी नीट बोलायचं.

भूजलवाल्यांनी सील ठोकलं. आम्हा दोघींना चौकीत नेलं, रामकलीला तिथे पट्ट्याने मारलं. दोघींचं काम गेलं.

आणि पावसाळा सरतो न सरतो तोच सील तुटलं. बाहेरून सोसायटीच्या भिंतीला कान लावला तर पंप घुमत होता. खात्यात गेले. “अम्मा, हमने तो सील कर दिया था,” म्हणाले.

सेक्रेटरीची बायको घरी आली. “मावशी, झालं गेलं. आम्ही तुमच्या घरात नळ जोडून देतो. फक्त तुमच्या, हं. कोणाला सांगू नका.” सुमन बोळक्या तोंडाने माझ्याकडे बघत होती. खोटं का बोलू, माझ्या जिभेला पाणी सुटलं. एका तोटीचा भाव होता तो, बाहेर रांगेतल्या सगळ्या बायका त्यात विकायच्या होत्या. मी तिला दार दाखवलं.

आता आम्ही बायका पाळीने भिंतीला कान लावतो. एकाच सोसायटीच्या नाही, आसपासच्या सगळ्या सोसायट्यांच्या. आवाज आला की खात्यात तक्रार देतो. या पंपाचीही दिली आहे. होळीपर्यंत वाट बघणार. त्यानंतर मी कुलूप तोडून थांबणार नाही. केबल उपटीन, पाइप फोडीन आणि त्या भोकात दगड भरीन. आडवा येईल त्याला पहारेने मारीन. म्हातारी आहे, एकेक दगड उचलायला वेळ लागेल. लागू दे.