सायकलवरची शबनम

माझ्या पत्नीने पन्नाशीत सायकल शिकून घेतली, आणि त्या दिवसापासून मला पिशवीची चिंता लागली. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, असे कोणी विचारले तर आजही मला धड उत्तर देता येणार नाही.

सिंगापूरच्या पुंगोल भागात आमच्या इमारतीखालून पाण्याच्या कडेकडेने एक सपाट वाट जाते. त्या वाटेवर, तीनचाकी चालवणाऱ्या चिमुरड्यांच्या गर्दीत, ती पडतझडत शिकली. तोल सावरू लागताच तिने एकच मागणी केली: आपण दोघांनी सायकलने जवळच्या कोनी आयलंड बेटावर जायचे, तिथे झाडाखाली बसून थालीपीठ खायचे, थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत यायचे. तिच्या आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते आणि त्यासाठी ती काही महिने पुण्याला जाणार होती. त्याआधीचा एक रविवार तिला हवा होता.

"जाऊ या की," मी म्हणालो. "फक्त सामान न्यायला नीट पिशवी हवी."

किती जबाबदार माणसाचे वाक्य वाटते हे!

पहिला प्रयोग मी शबनमवर केला. शबनम म्हणजे लांब पट्ट्याची, खांद्याला अडकवायची कापडी पिशवी. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यातल्या प्रत्येक विचारी माणसाच्या खांद्याला ती असे, आणि जे विचार करत नसत त्यांनाही ती अडकवली की विचारवंत दिसता येई. मी या दुसऱ्या गटातला. ती मी सिंगापूरलाही आणली होती. तिच्यात थर्मास ठेवून चाचणीसाठी निघालो. पहिल्याच वळणाला पिशवी पाठीवरून घसरून मांडीवर आली आणि पायडलच्या प्रत्येक फेरीला थर्मास गुडघ्यावर आपटू लागला. समोरून येणाऱ्या एका बाईंनी आपली बाबागाडी काळजीपूर्वक गवतात उतरवली.

सोमवारी वन-नॉर्थच्या ऑफिसात ही व्यथा मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ऐकवली. तो कानपूरचा, माझ्याहून बराच तरुण, अत्यंत अदबशीर आणि रोज सायकल चालवणारा. आमचे बोलणे हिंदीत चाले, आणि माझी हिंदी निर्दोष आहे असा माझा समज होता.

"शबनम के साथ साइकिल चलाना बहुत मुश्किल है," मी म्हणालो. "मोड़ आया नहीं, कि सीधे गोद में आ जाती है।"

त्याने टायपिंग थांबवून माझ्याकडे पाहिले. "पुरानी जान-पहचान है, सर?"

प्रश्न मला काव्यमय वाटला. "कॉलेज के ज़माने से। इतने साल का साथ है।"

"और भाभीजी?"

"वो तो कब से कह रही है, अब छोड़ भी दो।"

त्याने मान खाली घातली आणि तो कीबोर्डकडे वळला. एवढा सायकलस्वार, पण पिशव्यांमध्ये याला रस नाही, असा निष्कर्ष मी काढला.

त्यानंतरचे रविवार दुकानांत गेले. सॅकने पाठ अशी भिजली की जणू मी कालव्यातून पोहत आलो होतो. सीटखालच्या पिशवीत थालीपीठ मावण्यासाठी त्याची रुमालासारखी घडी घालावी लागली असती. हँडलला लावायची पिशवी दिव्याच्या आड येत होती. उरली पॅनिअर, म्हणजे मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्यांची जोडी. पण एकीकडे थर्मास आणि दुसरीकडे थालीपीठ ठेवले तर वजन सारखे कसे राहणार? मी थर्मास स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.

"मग थालीपिठं किती लावू?" पत्नीने विचारले. "थर्मासएवढी?"

मी या प्रश्नावर खरोखरच विचार करू लागलो. ती बाहेर निघून गेली.

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी सहकाऱ्याला प्रगती कळवली. "शबनम से अब नहीं निभेगा। नई देख रहा हूँ। दो-तीन पसंद भी आई हैं।"

त्याने चमचा खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "सर, बुरा मत मानिए। मैं छोटा हूँ। लेकिन इस उम्र में ये सब... इतवार भाभीजी को दीजिए, सर।"

मी त्याचे आभार मानले. कशाबद्दल, ते मला कळले नव्हते. परतताना एम.आर.टी.च्या गाडीत उभा असताना, मधल्याच कुठल्याशा स्टेशनवर दारे उघडली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शबनम हे हिंदीत बाईचे नाव! पिशवीला शबनम म्हणणारे आम्ही मराठी लोक, हे त्या सज्जन माणसाला कोणी सांगावे? मी एकटाच हसू लागलो. पुंगोल येईपर्यंत मात्र हसू ओसरले, कारण त्याच्या वाक्यातली काल्पनिक बाई वगळून तिथे पिशवी बसवली, तरी सल्ला कुठे चुकत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ती पिशवी ऑफिसात नेऊन त्याच्यासमोर ठेवली, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. पण त्याआधी मला घरी सांगायचे होते.

पत्नी ऐकता ऐकता सोफ्यावर आडवी झाली. डोळे पुसत म्हणाली, "गोद में आ जाती है! अहो, असं म्हणालात तुम्ही त्याला?"

"या रविवारी जाऊ या," मी म्हणालो. "पिशवी मिळो न मिळो."

तिचे हसू थांबले. "मी जाऊन आले."

"कुठे?"

"कोनी आयलंडला. मागच्या रविवारी. तुम्ही दुकानात होतात."

"सांगितलं नाहीस?"

"संध्याकाळी सांगणारच होते. पण तुम्ही त्या हुकांबद्दल सांगत होतात."

ते खरे होते. पॅनिअरच्या हुकांचे दोन प्रकार मी तिला जेवताना समजावून दिले होते. पोळीचे तुकडे करून, प्रात्यक्षिकासह. त्याच दुपारी ती आयुष्यात पहिल्यांदा सायकलवरून एवढ्या लांब जाऊन आली होती, एकटी, आणि माझे बोलणे संपण्याची वाट पाहत माझ्यासमोर बसली होती. तयारी हा विलंबाचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार आहे. माझी सारी नोकरी त्यावर उभी आहे. पण मी जाणे टाळत कशासाठी होतो? मला दम लागेल आणि ती पुढे निघून जाईल, एवढीच ती भीती असावी. पहिला प्रवास तिने दोघांचा म्हणून मागितला होता. तो आता पुन्हा देता येणार नव्हता.

"दुसऱ्यांदा चालेल?" मी विचारले.

"चालेल की. रस्ता मला माहीत आहे आता."

रविवारी सकाळी तिने थर्मास आणि डबा बाजाराच्या साध्या पिशवीत घातला, पिशवी आपल्या सायकलच्या हँडलपुढच्या जाळीच्या टोपलीत ठेवली आणि पायडल मारले. ती टोपली सायकल घेतली तेव्हापासून तिथेच होती. बायकी म्हणून मी तिची कधी दखलच घेतली नव्हती. सामान तिच्याकडे, मी रिकामा, तरीही दम मलाच लागला. बेटाच्या फाटकाशी ती पाय टेकवून माझी वाट पाहत थांबली.

"इथून पुढे खडी आहे," ती म्हणाली. "ब्रेक एकदम दाबू नका. माझ्या मागून या."

मी तिच्या मागून गेलो.