कोसा म्हणून दिलेली साडी

ते प्रकरण आठवलं की आजही मान खाली जाते. तेव्हा मी नागपुरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. धरमपेठेतल्या एका घरून चोरीची तक्रार आली. घरच्या सासूबाईंना मुलाच्या लग्नात सुनेच्या माहेरून विहिणीचा मान म्हणून मिळालेली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी कपाटातून गेली होती. सासूबाईंचा संशय घरकाम करणाऱ्या मावशींवर. चोरीचा तपास बहुतेक वेळा घरच्या नोकरापासूनच सुरू होतो, तसाच तो झाला. हवालदार आणि महिला शिपाई गेले आणि मावशींना भर दुपारी गल्लीतून जीपमध्ये बसवून घेऊन आले.

विचारपूस मीच केली. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, या बाईंनी एवढंच सांगितलं, "साहेब, मी हात नाही लावला." झडतीत त्यांच्या घरी काहीच मिळालं नाही. संध्याकाळच्या आत त्यांना घरी जाऊ दिलं.

पुढचा धागा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून मिळाला. त्या घरची सून त्याच्याकडे इस्त्री घेऊन आली होती, तळाला चिकटलेलं कसं काढायचं ते विचारायला. त्याच दिवशी बंगल्यामागून प्लास्टिक जळाल्यासारखा वास आल्याचंही तो म्हणाला.

मी तिथे गेलो. मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात काळा, चकचकीत गोळा बसला होता. बुटाने दाबला तरी फुटेना. जळीताचे पंचनामे करून करून एक गोष्ट पक्की झाली होती. सुती कापड कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. रेशीम, लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झालं की दगडासारखं टणक होतं. डब्यात जळालेलं काहीही असो, कोसा नव्हता.

सासूबाईंना बाहेर बसवून मी महिला शिपायासमोर सुनेकडे इस्त्री मागितली. ती खालीच बसली.

"इस्त्री ठेवल्याबरोबर साडी आकसून चिकटली," ती म्हणाली. "तेव्हाच मला समजलं, हे रेशीम नाही. बाबांची लाज जाईल म्हणून जाळून टाकली. मावशींना नेलं तेव्हा मी खिडकीतच उभी होते."

मनीषनगरहून तिच्या वडिलांना बोलावलं. निवृत्त कारकून, साधा माणूस. दुकानदारानं फसवलं असं ते म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. पण त्यांनी वर न पाहता सांगितलं, "मला ठाऊक होतं साहेब. विहीणबाईंनी कोसाच मागितला होता. मी दिसायला तशी घेतली. पोरीला काही माहीत नव्हतं."

सासूबाई संतापल्या त्या साडी खोटी निघाली म्हणून. मावशींचं नावही त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्या घरात उभं राहायची मला लाज वाटली.

चोरी झालीच नव्हती, तसा अहवाल न्यायालयात पाठवून फाइल बंद करता येत होती. मी मावशींच्या घरी जाऊन सांगितलं, की ते लोक घरी बोलावून तुमची माफी मागतील. त्या म्हणाल्या, "घरात काहून, साहेब? मले गल्लीतून नेलं. माफी बी गल्लीतच मागा."

दुसऱ्या दिवशी वडील गल्लीत उभे राहिले, शेजारी मुलगी. लोक गॅलरीत आले. चोरी झाली नाही, खोटेपणा आपला होता, हे त्यांनी ऐकू जाईल असं सांगितलं. सासूबाईंनी दार उघडलं नाही. जीप माझ्या ठाण्याची होती. मीही वर्दीतच हात जोडले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. उद्यापासून कामावर येणार नाही, एवढं सुनेला सांगून त्या चालत निघून गेल्या.

माणसाला नेताना सगळे बघतात; तो निर्दोष निघाला हे कोणी सांगत फिरत नाही. त्यानंतर अशा चौकशीला मी जीप पाठवली नाही, साध्या वेशातला माणूस पायी पाठवत आलो. मावशींना त्याचा काही उपयोग झाला नाही. ती गल्ली सोडून त्यांना दूरच्या वस्तीत काम शोधावं लागलं.