चंद्राची चुरी

आईच्या खलबत्त्यात मी चंद्र कुटला. त्यानंतर आठवडाभर घरची चटणी दाताखाली करकरत होती. "उतर वं आता चंद्रावरून," असं आई येताजाता सुनवायची. ती चटणी आज मिळाली तर मी मिटक्या मारत खाईन.

माणसं नुकतीच चंद्रावर जाऊन आली होती. कॉलेजच्या प्रदर्शनात चंद्राची जमीन करायचं काम माझ्याकडे आलं. बाबा खदानीत गिट्टी फोडायचे. त्यांनी चांगला काळा दगड आणून दिला, पण कुटल्यावर चुरी निघाली पांढुरकी. भौतिकशास्त्राच्या सरांच्या मासिकातली चंद्राची धूळ तर चांगलीच काळपट होती. मी सरळ चुलीतला कोळसा कालवला.

"कोळसा काहून टाकून राहिली?" बाबांनी विचारलं. मी कारण सांगितलं. ते हात धुता धुता थांबले. "ताजी चुरी पांढरीच राहते. उघड्यावर पडली का काळी पडते. पन इथं पाणी हाय, हवा हाय. तिथं काहीच नाही, मंग काळी कायनं पडते? सरले विचारजो."

मी विचारलं. सर खुर्चीतून उठलेच. तिथे हवेचा आडोसा नाही, म्हणाले. सूर्याकडून येणारे सूक्ष्म कण आणि धुळीएवढे दगड थेट आदळतात. मातीचे कण वितळतात, त्यांची काच होते, लोखंडाचा पातळ थर चढतो. लाखो वर्षं असा मार खाऊन ती माती काळवंडते.

"प्रश्न तुला सुचला?"

धरमपेठेतल्या बंगलेवाल्या मैत्रिणी शेजारीच बसल्या होत्या. माझे बाबा ठेकेदाराकडे मुनीम आहेत, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. मी "हो सर" म्हणाले.

प्रदर्शनाला बाबा धुतलेलं धोतर नेसून आले. सरांनी त्यांना माझ्या हुशारीचं कौतुक म्हणून तोच प्रश्न शब्दन् शब्द ऐकवला. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो जी, पोरगी हुशारच हाय," ते म्हणाले.

परतताना मी सायकलवर त्यांच्या मागे बसले होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार, आणि बसायलाच हवी होती. पायडल मारता मारता, मागे न वळता त्यांनी विचारलं,

"मंग सांग नं, काळी कायनं पडते?"