चौघांचा पंखा

रणदिवेकाका माणसाला आधी वजन विचारायचे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही नवे राहायला आलो, तेव्हा ते वरच्या मजल्यावरून चहाची किटली घेऊन उतरले आणि दारातच मला म्हणाले, "वजन किती तुझं? खरं सांग, लाजू नको." मागून सुमनकाकू ओरडल्या, "अहो, नाव तरी विचारा आधी!"

कारण होतं बोट; तिच्या नादात ते भेटेल त्याचं वजन विचारत. काका सरकारी इंजिनियर, निवृत्तीला टेकलेले. काकू मालवणच्या, पण दिल्लीत आल्यापासून होडीत बसलेल्या नव्हत्या. तेव्हा बिल्डर हरयाणातली शेतं कापून कॉलन्या काढत होते, आणि एका जुन्या दगडखाणीत साचलेलं पाणी 'लेक' म्हणून दाखवत होते. काकांनी तिथे फ्लॅट घेतला आणि मागे इंजिन लावलेली एक जुनी छोटी बोट. एकदा चौघांनी मिळून चक्कर मारायची, एवढंच त्यांना हवं होतं. चौघं म्हणजे काका, काकू, कॉलेजात शिकणारा मिलिंद आणि धाकटी गौरी.

बोटीबरोबर आलेला, पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा त्यांना पसंत नव्हता. "पात्यांना पीळ फार आहे," ते म्हणाले. "एकदोघं असतील तर बोट पळेल. चौघं बसले की इंजिन दमणार. कमी पिळाचा हवा." कश्मीरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर हिंडले. एक दुकानदार हसला, "साहब, दिल्ली में समंदर कहाँ है?"

"समंदर छोड़ो यार. पहले सवारी गिनो, फिर पंखा दिखाओ."

पंखा मिळाला, पण चाचणीच्या रविवारी मुलांच्या परीक्षा होत्या. काकांनी वाळूची तीन पोती भरली, प्रत्येक पोतं घरातल्या एकेकाच्या वजनाचं. काकू काठावर उभ्या. "माझं पोतं एवढं मोठं?"

"गेल्या दिवाळीनंतरचं आहे," काका म्हणाले.

इंजिन पुरतं मोकळं सोडून ते कान देऊन बसले. दमलं तर पीळ जास्त, किंचाळलं तर कमी. ते एका सुरात गुरगुरत राहिलं. काका उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लग्न ठरल्यासारखा झाला होता. "बसा आता," ते काकूंना म्हणाले. काकूंनी मान हलवली. "मुलं आली की. आपण दोघंच काय बसायचं?"

मिलिंद कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला. गौरी लग्न होऊन बंगलोरला गेली. काका निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन तलावाकाठच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. दर सुट्टीआधी काका बोट पुसून, इंजिनाला तेलपाणी करून तयार ठेवत. एका वर्षी मिलिंद येई, गौरीला रजा नसे. दुसऱ्या वर्षी उलटं. फोनवर दोघंही म्हणत, "नेक्स्ट टाइम नक्की, बाबा."

"काका, जुना पंखा लावा," मी एकदा म्हटलं. "तुम्ही दोघं तरी फिरून या. एक नट तर काढायचा."

"आणि मुलं अचानक आली तर?"

कॉलनीभोवती टॉवर उभे राहिले. प्रत्येक टॉवरने बोअर खणलं आणि तलाव पायरीपायरीने उतरत गेला. बिल्डरचा माणूस सांगायचा, "पाऊस येऊ द्या, भरेल." पाऊस येऊन जायचा. त्याच काळात काकूंची किडनी गेली. शेवटच्या आठवड्यात दोन्ही मुलं एकत्र आली, पण ती हॉस्पिटलमध्ये.

तेराव्यानंतर मुलं परतली. पुढच्या रविवारी मी डबा घेऊन गेले, तर काका तलावावर होते. मधल्या खोलगट भागातच पाणी उरलं होतं. बोटीत तीन पोती ठेवलेली.

"काका, हे काय?"

"एकटा बसलो तर इंजिन किंचाळतं गं. ऐकवत नाही."

ते निघाले. सगळ्यात मोठं पोतं त्यांच्या शेजारी होतं, बाकीची दोन समोर. इंजिन अगदी बरोबर चालत होतं. काकांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीत पंखा तळाच्या दगडाला लागला आणि एक पातं तुटलं. मग वल्ह्याने रेटत ते काठाला आले आणि पोती स्वतःच उतरवू लागले. मी हात लावायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. मला सवय आहे यांच्या वजनाची."

त्या हिवाळ्यात काका गेले. तोवर तलावाच्या जागी भेगाळलेला चिखल होता.

मुलांना चार दिवसांत फ्लॅट रिकामा करायचा होता. काय कुणाला द्यायचं हे मी फोनवर त्यांना विचारून ठरवून ठेवलं होतं, म्हणून काम भराभर उरकलं. बाल्कनीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो तुटका पंखा सापडला. गौरी म्हणाली, "दादा, हा तू ने." मिलिंदने तो हातात धरून जरा वरखाली केला.

"शुभाताई, वजन किती असेल याचं? माझी बॅग आधीच भरली आहे."

मी सांगितलं, फार नाही. त्याने आणखी एकदा उचलून पाहिला, आणि हळूच खाली ठेवला.