गाऱ्हाण्यात राहिलेले टक्के

आमच्या गावचा देव मागितलेलं देतोच, याबद्दल मला शंका नाही. आज नारळ फोडल्यावर ओल्या खोबऱ्याचा वास आला आणि बारावीच्या निकालाची दुपार आठवली.

परदेशातल्या विद्यापीठाने जागा देऊ केली होती, पंच्याऐंशी टक्क्यांच्या अटीवर. मिळाले एक्क्याऐंशी. मासळी बाजारात सगळ्यांना दाखवून मऊ पडलेलं ते पत्र बाबा देवळाच्या पायरीवर पुन्हापुन्हा घडी करत होते. परीक्षेआधी माझ्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालणारे तात्या शेजारी येऊन बसले.

"मी देवाक 'झिलाक पास कर' इतक्याच सांगितलंय. टक्क्यांचा माका कोणी सांगूक नाय रे."

तेव्हा तात्यांचा राग आला होता. आता वाटतं, खोटा धीर न देणारे ते एकटेच होते.

मी पास झालो होतो, त्यामुळे कबूल केलेला नारळ दुसऱ्या दिवशी द्यावा लागला.